विश्लेषण : लघुपटांत समलिंगी नात्याला जागा, मालिकांत मौन, मराठी प्रेक्षकाचे म्हणणे काय?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गुजरातची हद्द लागण्याआधीचे गाव म्हणजे तलासरी तालुक्यातील अच्छाड. इथल्या तरुणाची भाषा घरात वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि मोबाइलवर बहुतेक वेळा हिंदी. समलिंगी नात्यांवरील मराठी लघुपटांना गेल्या दहा-बारा वर्षांत राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाले. मात्र ते ज्या महोत्सवांत दाखवले जातात, ते मुंबई-पुण्यात भरतात. घरोघरी रोज पोहोचणाऱ्या मराठी मालिकांत हा विषय जवळपास नाहीच. जे बनते ते दिसत नाही आणि जे दिसते त्यात आपण नाही, ही या विषयाच्या प्रेक्षकाची मुख्य तक्रार आहे. ती कितपत खरी आहे, याचा हा आढावा.

चर्चा आता का?

रोहन परशुराम कानवडे दिग्दर्शित ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे ‘ग्रँड ज्युरी’ पारितोषिक पटकावले. सनडान्समध्ये पहिला खेळ झालेला हा पहिलाच मराठी कथापट. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला तो भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट आहे. गावाकडची भाषा, गावातलेच घर आणि लग्न का करत नाहीस म्हणून पिच्छा पुरवणारे नातेवाईक असा हा सगळा ऐवज. सनडान्सच्या सन्मानामुळे या विषयाची चर्चा महोत्सवांबाहेर आली आणि अशा कथा आजवर कशा दाखवल्या गेल्या, हा जुना वादही पुन्हा वर आला.

मराठीत ही कथा कधीपासून सांगितली जाते?

मराठीला हा विषय नवा नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातली मित्रा, म्हणजे सुमित्रा, दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते. रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली होती. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ची पटकथाही तेंडुलकरांचीच. त्यात महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या नात्याचा प्रसंग आहे, पण तो संस्थेपुढे उभे राहिलेले एक ‘प्रकरण’ म्हणून येतो. अमोल पालेकर यांचा ‘थांग’ (२००६) पतीचे दुसऱ्या पुरुषाशी नाते असल्याचे कळलेल्या पत्नीच्या बाजूने बोलतो. त्याच वर्षी सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली. घरी राहायला आलेल्या एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण हा तिचा विषय. २०२२ मध्ये ‘नेटफ्लिक्स’वर तिचा चित्रपट आला तो हिंदीत आणि कोचीच्या पार्श्वभूमीवर. मराठीतली मूळ कथा पडद्यावर पाहायला मराठी वाचकाला हिंदीकडे जावे लागले.

लघुपटांच्या बाबतीत २०१४ चा ‘मित्रा’ हा टप्पा महत्त्वाचा. तेंडुलकरांच्या त्याच कथासूत्रावर रवी जाधव यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या काळातला कृष्णधवल लघुपट केला. त्यात वीणा जामकर, मृण्मयी देशपांडे आणि संदीप खरे यांच्या भूमिका होत्या. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कथात्मक लघुपट ठरला. पुढे ‘बायोस्कोप’ (२०१५) या चार लघुपटांच्या एकत्रित चित्रपटातून तो चित्रपटगृहांतही पोहोचला. तिकीट काढून आलेल्या मराठी प्रेक्षकाला असा लघुपट मोठ्या पडद्यावर पाहायला मिळण्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

‘शेवट मृत्यूनेच का?’ हा आक्षेप कुठून येतो?

अशा कथांबद्दल प्रेक्षकांचा सर्वात जुना आक्षेप शेवटाविषयी आहे. समलिंगी पात्र आले की ते आत्महत्या करणार, आजाराने मरणार किंवा घर सोडून जाणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. ‘मित्राची गोष्ट’मध्ये मित्रा शेवटी जीव देते. दीपा मेहता यांच्या ‘फायर’मध्ये नायिका जिवंत राहतात, पण अग्निपरीक्षा त्यांनाही चुकत नाही. ओनीर यांचा ‘माय ब्रदर... निखिल’ (२००५) एचआयव्हीबाधित जलतरणपटूची संवेदनशील कथा सांगतो. मात्र समलिंगी नायक आणि आजार ही जोडी त्यातही आहेच.

लेखकांच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे. त्या काळी समाजात जे घडत होते तेच त्यांनी लिहिले, मित्राला सुखी दाखवणे १९८१ मध्ये खोटे ठरले असते, असे म्हणता येते. ते खरेही आहे. पण लपून पाहणाऱ्या प्रेक्षकावर होणारा परिणाम वेगळा असतो. आपल्यासारख्या माणसाची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाला त्या गोष्टीचा शेवट आपल्या आयुष्याचा अंदाज वाटू शकतो. दहा कथांतल्या एका पात्राने जीव दिला तर ती शोकांतिका असते, दहाही पात्रांनी दिला तर तो नियम वाटू लागतो. म्हणूनच अशा चित्रपटाबद्दल प्रेक्षक आधी विचारतो तो प्रश्न अभिनयाचा नसतो. ‘शेवटी जगतात ना?’ हा तो प्रश्न असतो.

लघुपटांनी काय बदलले?

गेल्या दशकातील मराठी लघुपटांनी गोष्टीचा आकार लहान केला. कबुली, घरातला स्फोट, विरह आणि मृत्यू अशी सगळी उतरंड दाखवण्याची गरज त्यांना उरली नाही. अरुण फुलारा यांच्या ‘संडे’ (२०२०) या लघुपटात मध्यमवयीन कांबळे दर रविवारी दाढी-कटिंगसाठी सलूनमध्ये जातो, कारण तिथला कारागीर त्याला आवडतो. बाहेरून पाहता एवढीच घटना. श्रीकांत यादव यांनी साकारलेल्या कांबळेला आठवड्यातून एकदा मिळणारा तो काही मिनिटांचा स्पर्श हीच संपूर्ण कथा आहे. रोहन कानवडे यांच्या ‘उ उषाचा’ (२०१९) या लघुपटातील शेतमजूर उषा एकटी मुले वाढवते. तिला लिहिता-वाचता येत नाही. गावातल्या शाळेच्या शिक्षिकेकडे ती ओढली जाते आणि तिला अक्षरेही हवीशी वाटू लागतात. फुलारा यांच्याच ‘माय मदर्स गर्लफ्रेंड’ (२०२१) मध्ये कष्टकरी वस्तीतील रेणुका आणि सादिया यांचे नाते रेणुकाच्या मोठ्या मुलाला कळते. निशांत रॉय बोंबार्डे यांचा ‘दारवठा’ (२०१५) पुरुषप्रधान घरात वयात येणाऱ्या पंकजची घालमेल दाखवतो. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या यादीत शेतमजूर आहे, कष्टकरी बाई आहे, सलूनमध्ये रांगेत बसणारा कांबळे आहे. ‘ही श्रीमंतांची, इंग्रजी बोलणाऱ्यांची फॅशन’ या आक्षेपाला याहून सरळ उत्तर नाही. हिंदीतही नीरज घायवान यांच्या ‘गीली पुच्ची’ (२०२१) या लघुकथेत दलित कामगार स्त्री आणि तिच्याच कारखान्यात आलेली ब्राह्मण सहकारी यांच्या नात्यात जात आडवी येते. प्रेमात दोघी समान असल्या तरी कारखान्यात त्या समान नाहीत, हे तिथे स्पष्ट दिसते.

लघुपटांना हे जमले त्यामागे व्यवहारही आहे. खर्च कमी, कलाकार मोजके, चित्रीकरण थोड्या दिवसांचे. जाहिरातदाराची किंवा वाहिनीची मर्जी सांभाळावी लागत नाही. मात्र ज्या कारणाने लघुपट मोकळा राहतो, त्याच कारणाने तो प्रेक्षकापासून दूरही राहतो. त्याला तिकीट खिडकी नाही, वाहिनीवर वेळ नाही. तो महोत्सवांतून फिरतो आणि बऱ्याचदा त्यानंतर सहज सापडतही नाही.

मराठी मालिका या विषयावर गप्प का?

दैनंदिन मालिकेचे गणित घरातल्या एका टीव्हीवर बसवलेले असते. संध्याकाळी आजी, सून, मुले एकत्र बसतात, असे गृहीत धरून पटकथा लिहिली जाते. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात आणि आकडे घसरले की कथा वळवली जाते. मालिकेची मुख्य चौकट लग्न, सासर आणि वंश ही असते. समलिंगी पात्र या चौकटीलाच प्रश्न विचारते. म्हणून ते आलेच तर विनोदापुरते येते. मुरडत चालणारा, फॅशन करणारा, नायिकेचा ‘सेफ’ मित्र एवढीच त्याची ओळख.

हिंदीत अपवाद झाले. ‘स्टार प्लस’वर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘मर्यादा : लेकिन कब तक?’ या मालिकेत लग्न लावून दिलेला समलिंगी तरुण हे एक प्रमुख पात्र होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कलम ३७७ शिथिल केल्यानंतरचा तो काळ. पुढे हा विषय वाहिन्यांकडून मोबाइलवर सरकला. ‘रोमिल अँड जुगल’ (२०१७) आणि ‘मेड इन हेवन’ (२०१९) या वेबमालिका आल्या. ‘मेड इन हेवन’मधील लग्नसोहळ्यांचे आयोजन करणाऱ्या पण स्वतःचे नाते लपवणाऱ्या करणच्या भूमिकेसाठी अर्जुन माथूर यांना आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. मराठी वाहिन्यांनी मात्र हे पाऊल ठळकपणे उचललेले नाही.

वाहिन्यांच्या सावधपणाला इतिहासही आहे. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फायर’ दाखवणाऱ्या मुंबईतील चित्रपटगृहांत शिवसैनिकांनी तोडफोड केली आणि खेळ बंद पाडले. चित्रपट पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे गेला, मंडळाने तो पुन्हा संमत केला. पण निर्मात्यांच्या मनात बसलेली धास्ती एका प्रमाणपत्राने जात नाही.

थायलंडच्या मालिकांकडे भारतीय प्रेक्षक का वळला?

घरची वाहिनी गप्प असताना मोबाइलवर परदेशी मालिका आल्या. थायलंडमध्ये गेल्या दहा वर्षांत दोन तरुणांच्या प्रेमावरील मालिकांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्यांना ‘बीएल’ म्हणजे ‘बॉईज लव्ह’ म्हणतात. हा प्रकार मूळचा जपानी चित्रकथांमधला आणि तिथे प्रामुख्याने स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेला. २०२० मध्ये टाळेबंदीच्या सुमारास आलेली ‘टूगेदर’ ही थाई मालिका यूट्यूबवर उपशीर्षकांसह देशोदेशी पाहिली गेली. ब्रिटनची ‘हार्टस्टॉपर’ (२०२२) शाळकरी मुलांची हळुवार प्रेमकथा सांगते.

या मालिकांचे आकर्षण साधे आहे. कुणी मरत नाही, परीक्षा, रुसवे-फुगवे, पाऊस असे नेहमीच्या प्रेमकथेतले सगळे यात आहे. ‘आपल्यालाही फालतू प्रेमकथा हवी’ ही मागणी इथे पूर्ण होते. यावर टीकाही आहे. दोन्ही नायक देखणे, तरुण, सुखवस्तू. वय झालेला माणूस नाही, गरिबी नाही, आणि कित्येकदा ‘समलिंगी’ हा शब्दही नाही. स्त्री-स्त्री नात्याच्या थाई मालिका २०२२ च्या ‘गॅप’नंतरच जोर धरू लागल्या. थोडक्यात, ‘संडे’मधल्या कांबळेला थाई मालिकेत जागा नाही आणि थाई मालिकेतला निर्धास्तपणा कांबळेच्या वाट्याला नाही. प्रेक्षकाला एकाच पडद्यावर दोन्ही हवे आहे.

‘घरात सर्वांसोबत पाहता येत नाही’ हे कितपत खरे?

हा आक्षेप दोन्ही बाजूंनी घेतला जातो. काही पालकांना मुलांसमोर असे विषय नकोत. तर समलिंगी प्रेक्षकाची अडचण अशी की प्रणयदृश्ये प्रसिद्धीसाठी घातली गेली, तर तोच चित्रपट आईला दाखवण्याची संधी हातची जाते. वरच्या मराठी लघुपटांत मात्र अवघडून टाकणारे फारसे काही नाही. ‘उ उषाचा’मधली ओढ नजरेतून कळते. घरच्यांना खटकते ते दृश्य नसून पात्राची ओळखच असेल, तर वयोगटाचा शिक्का त्यावर उपाय ठरत नाही.

मराठी कथांचे एक वैशिष्ट्य इथे लक्षात येते. त्यांचा कळीचा प्रसंग बहुधा प्रियकराशी घडत नाही, आईशी घडतो. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या नाटकात मुलाची डायरी हाती लागलेली आई बोलते. ‘माय मदर्स गर्लफ्रेंड’मध्ये आईचेच नाते मुलाला पचवायचे आहे. ‘साबर बोंडं’मध्ये आईला सगळे ठाऊक आहे आणि प्रश्न आहे तो नातेवाइकांच्या तोंडाचा. मुंबईच्या ‘कशिश’ महोत्सवाचे संस्थापक श्रीधर रंगायन यांच्या ‘इव्हनिंग शॅडोज’ (२०१८) या चित्रपटाच्या केंद्रस्थानीही आईच आहे. एकाच खोलीत सगळे घर राहणाऱ्या समाजात गुपित प्रथम आईलाच कळते. त्यामुळे या कथा परक्या वाटत नाहीत. प्रेक्षकाला त्यात आपले घर दिसते.

भाषेचाही प्रश्न आहे. ‘समलिंगी’ हा वर्तमानपत्राचा शब्द, ‘गे’ हा शहराचा. गावच्या बोलीत बहुधा शिव्याच सापडतात. आईला सांगायचे तर कोणत्या शब्दात, हा पेच खरा आहे. चांगली मराठी फिल्म अशा वेळी शब्द टाळून मार्ग काढते. बाळ्या आनंदसाठी काटे काढून साबरबोंडे आणतो, त्यानंतर वेगळ्या कबुलीची गरज राहत नाही.

कायदा आणि सेन्सॉर कुठे आहेत?

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्या निकालातील आपल्या स्वतंत्र मतात न्या. रोहिंटन नरिमन यांनी दूरचित्रवाणी, रेडिओ, मुद्रित आणि ऑनलाइन माध्यमांतून या निकालाला ठरावीक काळाने व्यापक प्रसिद्धी द्यावी, असे केंद्र सरकारला सांगितले होते. मालिकांच्या मौनाची चर्चा करताना हे वाक्य विसरता येत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे पडद्यावर लग्न दाखवता येते, निबंधक कार्यालयात ते लावता येत नाही.

चित्रपटगृहात दाखवायच्या चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘लैंगिक विकृती’ची दृश्ये टाळावीत, असे म्हटले आहे. समलैंगिकतेचे नाव त्यात नाही, पण अर्थ लावण्याची मोकळीक आहे. रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’ला (२००३) प्रमाणपत्र नाकारले गेले होते. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट काटछाट करून नवे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय टीव्हीवर येऊ शकत नाही. ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांनी वयानुसार पाच गट ठरवले आहेत. तिथे पूर्वपरवानगीची अट नाही. म्हणूनच हा विषय टीव्हीपेक्षा ओटीटीवर अधिक दिसतो.

अच्छाडच्या प्रेक्षकापर्यंत हे पोहोचते का?

मुंबईत २०१० पासून भरणारा ‘कशिश’ हा अशा चित्रपटांचा दक्षिण आशियातील मोठा महोत्सव. अच्छाडहून मुंबई सुमारे दीडशे किलोमीटर. भिलाड, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तरुणाला महोत्सवाचा पास, दोन दिवसांची सुट्टी आणि घरी सांगायचे कारण या तिन्ही गोष्टी जमवणे अवघड. ‘साबर बोंडं’सारखा चित्रपट लागतो तो प्रामुख्याने शहरांतील बहुपडदा चित्रपटगृहांत आणि मोजक्या खेळांसाठी. उरतो मोबाइल. तोही अनेक घरांत सामाईक असतो. एक लघुपट पाहिला की यूट्यूब तसेच दहा सुचवते आणि ती यादी पुढे भावाच्या किंवा वडिलांच्या नजरेस पडते. इथे पाहणे हीच जोखीम आहे.

ही जोखीम कमी करण्याचा मार्ग अवघड नाही. पुरस्कारप्राप्त मराठी लघुपट सार्वजनिक वाहिनीवर, महाविद्यालयांच्या चित्रपट मंडळांत, जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या महोत्सवांत इतर लघुपटांबरोबर दाखवता येतील. ‘मित्रा’ जसा ‘बायोस्कोप’मध्ये इतर तीन कथांच्या सोबत आला, तसे. सर्वांसाठीच्या कार्यक्रमात पाहिलेल्या लघुपटाचे कारण कुणाला द्यावे लागत नाही. त्यासाठी वेगळा निधीही लागणार नाही, कारण लघुपट तयार आहेत आणि काहींवर राष्ट्रीय पुरस्काराची मोहरही आहे.

मालिकांकडून प्रेक्षकाची अपेक्षा याहून छोटी आहे. समलिंगी नायकच हवा, असे तो म्हणत नाही. कुटुंबातला एखादा मामा, शेजारची एखादी ताई अशी असावी, तिच्यावर हसू नये आणि तिला मारू नये, इतकेच त्याचे म्हणणे आहे. घरातला टीव्ही सुरू असताना कुणी उठून वाहिनी बदलली नाही, तर त्या घरातल्या एखाद्या गप्प मुलाला तेवढ्यावरूनही बरेच काही कळेल.